मॉरिशसची फाईल

१

मॉरिशसची फाईल गायब झाल्याचं बुधवारी सकाळी सव्वानऊला कळलं आणि साडेनऊला त्याचं खापर पुष्पावतीच्या डोक्यावर फुटलंदेखील. मधल्या पंधरा मिनिटांत चौकशी झाली ती एवढीच, की कपाटाला किल्ल्या किती. दोन. एक चेअरमन काकासाहेबांच्या कोटात, दुसरी टायपिस्ट पुष्पावतीच्या कमरेला. कुलूप शाबूत. मग काय, सगळ्यांना सगळं कळलं.

"जमादार," काकासाहेब म्हणाले, "पाच वाजेपर्यंत फाईल या टेबलावर पाहिजे. न्हाई आली तर बाईंना कामावरून काढलं म्हणून समजा, आन् राहुरीला फौजदारांना निरोप धाडा."

रंगनाथ जमादार उभ्या उभ्या नुसते जळले. सव्वीस वर्षं पोलिसांत काढून माणूस पेन्शनीत निघाला होता. जटाशंकर सहकारी साखर कारखान्यात पहाऱ्याचा मुख्य म्हणून लागला तो अशा समजुतीनं, की आता उसात शिरणारी शेरडं हाकायची आणि दुपारी पाठ टेकायची. पण गेले तीन महिने या मॉरिशसनं सगळ्या कारखान्याचं डोकं फिरवलं होतं.

मॉरिशस हे समुद्रातलं बेट. तिथं ऊस पिकतो, म्हणून चेअरमनसह पाच संचालकांनी तिथं अकरा दिवसांचा 'ऊस अभ्यास दौरा' काढायचा, असा ठराव झाला. मुंबईच्या कुण्या प्रवासी कंपनीनं रंगीत पुस्तिका धाडली. तिच्यात ऊस कुठंच नव्हता. गोल्फ होता, तोंडात नळी धरून समुद्राखालचे मासे बघणं होतं, आणि रोज जेवायला निराळं हॉटेल होतं. झालं! काकासाहेबांनी सुताराकडून बाभळीची गोल्फची काठी करवून घेतली. मैदानात चेंडूसाठी भोकं पाडली. ती उंदरांची बिळं समजून बिगारी रोज बुजवायचे आणि त्याच्या शिव्या रोज जमादार खायचे. मग मुंबईहून डोळ्यांवर बांधायची काच आणि नळी आली, आणि काकासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीत पाचही जण आळीपाळीनं मासे बघायची तालीम करू लागले. विहिरीत मासे नव्हते हा भाग वेगळा.

शनिवारी मुंबईहून विमान होतं. पाचांचे पासपोर्ट, तिकिटं, सरकारी परवानग्या, सगळं त्या एका फाईलीत. नव्यानं करायचं तर पुढची दिवाळी उजाडली असती.

"बाई, फाईल शेवटची कधी बघितली?" जमादारांनी विचारलं.

पुष्पावतीचा नवरा दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्याच क्रेनखाली सापडून गेला, म्हणून तिला ही नोकरी मिळाली होती. ती सुटली तर शेवगावला भावाच्या दारात जाऊन भावजयीच्या हाताखाली राबायचं, दुसरी वाट नव्हती. हे ती सोडून बाकी सगळे विसरले होते.

"काल दुपारी साडेबाराला. संचालकांच्या जेवणाचा तक्ता आत लावला, कुलूप घातलं आणि घरी जेवायला गेले. त्यानंतर कपाट उघडलं ते आज सकाळीच." आवाज स्थिर होता. पदराचं टोक मात्र तिनं पिळून पिळून दोरी केली होती.

"आन् हापिसाच्या दाराला कुलूप?"

"शिपाई शिंगणापूरचा आहे, जमादार. दाराला कुलूप घालायचं असतं हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. आणि काल एक ते दोन सगळेच विहिरीवर गेले होते, तालीम बघायला."

जमादारांनी कपाट उघडून आत डोकं घातलं. फाईलीच्या जागी पत्र्यावर तांदळाचे दोन दाणे पडले होते. कच्चे, आणि पिवळे. शेजारी बोटाएवढा तांबडा डाग.

"लाखेचा असंल," ते म्हणाले.

"लाख आपण वापरत नाही," पुष्पावती म्हणाली. "आणि काल साडेबाराला हे इथं नव्हतं."

२

फाईल जाण्यात कुणाचा फायदा, असं म्हटलं की पहिलं नाव निघायचं सहादेवअण्णांचं. अण्णा संचालक खरे, पण दौऱ्याच्या यादीतून काकासाहेबांनी त्यांचं नाव शेवटच्या घडीला उडवलं होतं. तेव्हापासून अण्णा कँटीनमध्ये बसून भेटेल त्याला मॉरिशस किती वाईट ते सांगत होते.

जमादार समोर बसताच अण्णांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर पसरला. दौऱ्याचा अकरा दिवसांचा कार्यक्रम. शब्द न् शब्द.

"हा तर फाईलीतला कागद," जमादार म्हणाले.

"फाईलीतला न्हाई, त्याची नक्कल. माझ्या हातची हाय." अण्णा मजेत होते. "बाईंनी टाईप करताना खाली घातलेला काळा कागद केराच्या टोपलीत गेल्ता. म्या तो उजेडाकडं धरला आन् उतरवून घेतलं. वाचा. गोल्फ चार येळा. नळीचं पोहनं तीन येळा. जेवनं बावीस. आन् साखर कारखान्याला भेट किती? अर्धा तास. ती बी शेवटच्या दिवशी, विमानतळाकडं जाताना."

"मंग फाईल तुमी नेली."

"जमादार, तुमी पोलिसात हुता ना खरंच?" अण्णांनी कपाळावर हात मारला. "आरं बाबा, मला तर ते जायला पायजेत. जाऊन, खाऊन-पिऊन, उन्हात तांबडं हून परत आलं की सर्वसाधारण सभेत हा कागद वाचतो का न्हाई बघा. ते गेलंच न्हाईत तर म्या सभेत बोलू कशावर? ती फाईल घावावी म्हनून तुमच्यापेक्षा जास्त घोर मला लागलाय."

बोलणं बिनतोड होतं. जमादारांचं पित्त खवळलं ते त्यामुळंच. सकाळ गेली आणि हातात आला तो एक सरळ माणूस. उठताना अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बुवांना इचारा. कानिफनाथबुवांना. कालपासनं मानूस निस्ता हसतोय."

३

कानिफनाथबुवा गळ्यात तुळशीची माळ घालणारे, मांस-मच्छी-दारू सोडलेले माणूस. पाचांपैकी एक. गावाबाहेरच्या घराच्या पडवीत पाय पसरून ते खरोखरच हसत बसले होते.

"म्या न्हाई नेली," जमादारांनी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "पन ज्यानं नेली त्याचं भलं हुवो."

"बुवा, तिकडं एका बाईची नोकरी जायची येळ आलीया आन् तुमी हसताय?"

बुवांचं हसू मावळलं. "हे मला कुनी सांगितलं न्हाई," ते ओशाळून म्हणाले. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. जेवणाच्या तक्त्यात बावीस जेवणं होती आणि त्यात एकवीसदा मासे, खेकडे नाहीतर शिंपले. बाविसावं जेवण विमानात. भाकरीचं पीठ आणि ठेच्याचा डबा घेऊन चला म्हटलं तर काकासाहेब म्हणाले, बेटावर असली शोभा करू नका. वरून ते पाणी. बुवांना पोहता येत होतं, पण नाक बंद करून तोंडानं श्वास घ्यायचा म्हणजे त्यांना मरणच वाटायचं.

"काल दुपारी कुठं हुता?"

"विहिरीत. पाळी माझीच हुती. नळीत पानी शिरलं, म्या गटांगळ्या खाल्ल्या, आन् कठड्यावर सगळा कारखाना वाकून बघत हुता. शिपाई, कारकून, ड्रायव्हर. तासभर हसत हुते मुडदे."

"चेअरमनसाहेब?"

"ते माझ्या शेजारीच, पान्यात. चड्डीवर. 'बुवा, फुंका, फुंका' म्हनून वरडत हुते."

काकासाहेबांचा कोट जमादारांच्या डोळ्यांपुढं आला. सकाळीच साहेबांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, की किल्ली कोटातून कधी हलत नाही.

"बुवा, साहेबांचा कोट कुठं हुता?"

"पाचांचे बी कपडे लिंबाच्या फांदीला. आमच्या पाठीमागं." बुवांनी खांदे उडवले. "तिकडं कोन बघतंय?"

म्हणजे तासभर दुसरी किल्ली उघड्यावर लटकत होती आणि कारखान्यातलं प्रत्येक डोकं विहिरीत वाकलेलं होतं. किल्ली हाताशी असलेली पुष्पावती एकटी नव्हती. पण एकटी नव्हती एवढ्यानं ती सुटत नव्हती, आणि जे विहिरीवर होते ते सगळेच एकमेकांचे साक्षीदार. मग कोटाला हात घातला कुणी?

४

तीन वाजता जमादारांनी पुष्पावतीला पुन्हा गाठलं. ती टेबलाचा खण आवरत होती. आपली लेखणी, रुमाल, दोन पोस्टकार्डं तिनं पिशवीत टाकलीही होती.

"एवढ्यात आवरायला घेऊ नका. दौऱ्याबद्दल तुमाला कुनी काय इचारलं हुतं का? कारखान्यातलं, बाहेरचं, कुनी बी."

"सगळेच विचारतात. तिथं ऊन किती, साप असतात का." तिनं आठवून बघितलं. "सोमवारी रतनवहिनी आल्या होत्या. गुरुवारचं विमान रद्द होऊन शनिवारचं झालं, ते खरं का म्हणून विचारत होत्या. खरं आहे म्हटलं. मग म्हणाल्या, हे बेट नेमकं कुठल्या अंगाला येतं. मी भिंतीवरच्या नकाशात दाखवलं, खाली, दक्षिणेकडं."

रतनवहिनी म्हणजे काकासाहेबांची बायको. बायका विचारायच्याच. जमादारांनी ते कानाआड केलं आणि घरी जेवायला गेले. सकाळपासून अन्नाचा कण नव्हता.

कडूबाईनं ताट वाढलं. जमादारांनी खिशातली कागदाची पुडी काढून ताटाशेजारी उलगडली आणि त्या दोन दाण्यांकडं बघत बसले. सगळी चोरीची हकिकत त्यांनी बायकोला सांगितली, फक्त पुष्पावतीचं तेवढं सांगायचं राहिलं, दाण्यांच्या नादात.

"ह्या अक्षता हायती," कडूबाई दाण्यांकडं बघून म्हणाली आणि चटकन चुलीकडं वळली. एरवी चोरीचं नाव काढलं की चार प्रश्न विचारणारी ही बाई. आज एकही नाही.

जमादारांचा हात ताटातच थांबला. अक्षता! हळद लावलेले तांदूळ, आणि तो तांबडा डाग कुंकवाचा. सव्वीस वर्षांच्या नोकरीला त्यांनी मनातल्या मनात चपलेनं मारलं. पण मग हा चोर कसला? कपाट उघडतो, आधी फाईलीला हळदकुंकू लावतो, अक्षता वाहतो आणि मग ती उचलतो. चोर पूजा करून चोरी करत नाही.

ते जेवायचे थांबले आणि बोटांवर हिशोब लावू लागले. गुरुवारचं विमान शनिवारवर गेलं. या शनिवारी अमावास्या. शनी अमावास्या, म्हणून शिंगणापूरला पाय ठेवायला जागा राहणार नव्हती. अशा दिवशी नवरा समुद्रावरून उडणार. त्याच्या बायकोनं सोमवारी विचारलं बेट कुठल्या दिशेला, आणि मंगळवारी फाईल गेली.

आजवर ज्याच्या त्याच्या घरी हे होत आलेलं. जायचा दिवस वाईट निघाला, की आधीचा एखादा चांगला दिवस बघून जाणाऱ्याची एक वस्तू हळदकुंकू लावून जायच्या दिशेला, वेशीबाहेर, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. पुढं जाताना वस्तू वाटेत उचलायची. याला म्हणतात प्रस्थान. फाईल चोरली नव्हती. ती मॉरिशसला निघाली होती.

५

रतनवहिनी अंगणात वाळलेले पापड गोळा करत होत्या. जमादारांनी दमानं घ्यायचं ठरवलं होतं, पण दिवसभराचा वैताग तोंडातून निसटलाच.

"वहिनी, फाईल कुनाकडं ठेवलीया?"

त्यांनी मान वर केली. घाबरल्या वगैरे मुळीच नाहीत. "पाटापल्याड, केशरबाईच्या कनगीत. बाजरीत ठेवलीया, वाळवी लागायची न्हाई. का हो?"

"का हो म्हंजे?" जमादारांनी हात टेकले. "सकाळधरनं म्या वनवन फिरतोय. सांगायचं न्हाई का?"

"इचारलं कुनी?" रतनवहिनी म्हणाल्या. "तुमी अण्णांना इचारलं, बुवांना इचारलं. घरातल्या बायकांना इचारावं असं एकाच्या बी डोक्यात आलं का? आमच्या ह्यांना म्या लई येळा म्हनलं, एक धोतर द्या, प्रस्थान ठेवते. तर सभेतलंच भाषन केलं माझ्याफुडं. पंचांग जाळा म्हनं. मंग पाच जनींनी ठरवलं. पाच जनांचं पाच कपडं कुठं गोळा करायचं? त्या फायलीत पाचांचे बी फोटू हायती. कोटातनं किल्ली काढली, आन् मागारी ठेवली बी."

"पाच जनी?"

"जानाऱ्यांच्या बायका. आन् सहावी तुमची कडूबाई. अक्षता तुमच्या घरनं आल्या."

जमादार पापडाच्या खाटेच्या कडेवर मटकन बसले. चुलीकडं वळलेली ती पाठ त्यांना आता कळली. गावातल्या सगळ्या सवाष्णींना ठाऊक होतं आणि कारखान्यातल्या एकाही मिशीवाल्याला नाही.

"चला, आत्ताच्या आत्ता घिऊन येऊ," ते म्हणाले.

"ती आता मागारी यायची न्हाई." वहिनींचा आवाज बदलला. "वेशीबाहेर काढलेलं प्रस्थान घरात आनलं की प्रवास मोडतो. पाच जनींचं कुकू हाय त्यात, भावजी. शनवारपतुर कुनी हात लावायचा न्हाई."

"पाच वाजता पुष्पावतीला कामावरनं काढत्यात, चोर म्हनून. पोलिसात देनार हायत."

वहिनींच्या हातातला पापड तसाच राहिला. "पुष्पीला? तिचा काय संबंध?"

"दुसरी किल्ली तिची. सगळ्या बायकांना सांगितलंत, तिला तेवढं का न्हाई सांगितलं?"

कपाळाकडं गेलेला हात रतनवहिनींनी खाली घेतला आणि पायात वहाणा सरकवल्या. साडेचार वाजून गेले होते.

६

ऑफिसात काकासाहेब, अण्णा, बुवा आणि दारात गोळा झालेले कारकून. पुष्पावती पिशवी घेऊन उभी. जमादारांनी सगळं सांगितलं, अक्षतांपासून बाजरीपर्यंत. अण्णा हसू दाबता दाबता खोकू लागले. काकासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग हळूहळू उतरला.

"जीप काढू का, साहेब?" जमादारांनी विचारलं. "अर्ध्या तासात फाईल टेबलावर."

काकासाहेब उठले. दोन पावलं चालले. पुन्हा खुर्चीत बसले.

"आनली तर," ते हळूच म्हणाले, "मोडल्यासारखं व्हतं का हो ते?"

"तुमीच म्हनता ना, पंचांग जाळा."

"ते झालं. पन..." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ऱ्हाऊ द्या तितंच. केशरबाईचं घर नगरच्या वाटंवरच हाय. शनवारी जाताना उचलू. बाई, तुमी उद्यापासनं कामावर या. मिटलं."

जमादारांना वाटलं, खरंच मिटलं. पण पुष्पावतीनं पिशवी खाली ठेवली, टाईपरायटरवरचं झाकण काढलं आणि कागद चढवला. चार-पाच ओळी खडखड उमटल्या. कागद काढून तिनं काकासाहेबांसमोर ठेवला.

"हे काय?"

"सूचना. सकाळी साडेनऊला सगळ्यांसमोर मी चोर ठरले, साहेब. आता सगळ्यांसमोर कारण लागेल." तिनं वाचून दाखवलं. "शनी अमावास्येच्या प्रवासात विघ्न येऊ नये म्हणून मॉरिशस दौऱ्याची फाईल चेअरमनसाहेबांच्या घरून प्रस्थान म्हणून ठेवण्यात आली आहे. ती चेअरमनसाहेबांच्या संमतीनं शनिवारपर्यंत तिथंच राहील. टायपिस्टकडून कोणतीही चूक झालेली नाही."

"संमतीनं?" काकासाहेबांच्या कपाळावर घाम आला.

"आत्ता तुम्हीच म्हणालात, राहू द्या तिथंच."

"अहो, दुसरं काय तरी ल्हा की. फाईल जागा चुकली हुती म्हना. हा सहादेव सभेत मला जगू द्यायचा न्हाई."

"जागा चुकली म्हटलं, की चुकवणारी मीच."

काकासाहेब अण्णांकडं बघेनात, बुवांकडं बघेनात. तेव्हा दारातून रतनवहिनी आत आल्या. त्या थेट पुष्पावतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"हळदीकुकवाचं काम हुतं," त्या म्हणाल्या. "तुला त्यात कशी घ्यायची, म्हनून सांगितलं न्हाई. चुकलं माझं."

"घ्यायचं नव्हतंच, वहिनी," पुष्पावती म्हणाली. त्या दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झाला. "नुसतं सांगायचं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती."

रतनवहिनी नवऱ्याकडं वळल्या.

"करा सही."

काकासाहेबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडायला त्यांना बराच वेळ लागला. सही झाल्यावर पुष्पावतीनं शिक्का मारला, कागद वाळू दिला आणि बाहेरच्या फलकाकडं गेली. तिनं कागद धरला, टाचण्या जमादारांनी लावल्या.